सगळं धड असलेलं घर

१

शहाद्याच्या वाचनालयातून लोटन पाटील बायकोसाठी पुस्तकं आणतो, ही गोष्ट ब्राह्मणपुरीत बराच काळ चेष्टेचा विषय होती. लोटनचा स्वभाव साऱ्या गावाला ठाऊक. बैलाने नुसती मान हलवली तरी त्याचा हात आसुडाकडे जायचा. पण बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेला की हाच माणूस वाचनालयाच्या पायऱ्या चढायचा, जुनं पुस्तक द्यायचा आणि ग्रंथपाल चुनीलालभाई देतील ते नवं घेऊन यायचा. "मन्ही बायको वाचस," असं पारावर सांगताना त्याची छाती फुगायची. घरी राग आला की तेच पुस्तक तो अंगणात भिरकावून द्यायचा.

निर्मला चौथी पास होती. दुपारची भांडी झाली की ती मागच्या दाराशी उजेडाला बसायची. सरू, तिची आठ वर्षांची पोर, मांडीवर डोकं टाकायची. सासू दगूबाई सुपात डाळ घेऊन खडे वेचत ऐकायची. निर्मलाचं वाचन सरळ चालायचं, पण जोडाक्षर आलं की अडायचं. मग सरू हसायची आणि उठून बसून ते अक्षर आईला लावून द्यायची. लोटन घरात असला तर म्हणायचा, "गाडं फसनं दखा चिखलमा."

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात जे पुस्तक आलं, त्याला कव्हर नव्हतं. पहिली पानंही गेली होती, वरून खाकी कागद डकवला होता. मोठ्या मुलांसाठी लिहिलेली अद्भुत कादंबरी होती ती. सुमेध नावाचा पोरगा घरातल्या भांडणाला कंटाळून पळतो, डोंगरावरचं धुकं ओलांडतो आणि पलीकडे त्याला स्वतःचंच गाव भेटतं. तीच घरं, तीच माणसं. फक्त सगळं धड. तडकलेला रांजण तिथे तडकलेला नाही. लंगडं कुत्रं चारी पायांवर उभं. धुक्यापलीकडच्या लोकांना माणसाची, वस्तूची हुबेहूब नक्कल करता येते, पण मोडकं कसं करायचं ते त्यांना येत नाही. सुमेधची आई एका डोळ्याने आंधळी असते. तिथली आई त्याला जेवायला वाढते आणि दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे बघते. पोरगा ताटावरून उठून पळत सुटतो तो आपल्या घरी येऊन थांबतो.

सरूला गोष्ट फार आवडली. सुमेध पळतो ते पान तिने पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. निर्मलाला मात्र ते पान पटलं नाही. तिथे मार नव्हता, आरडाओरडा नव्हता, पोटभर जेवण होतं. लेखकाने त्याला परत कशाला आणलं?

"येडा व्हता तो," ती म्हणाली.

दगूबाईने सुपातून मान वर केली. "माय ती मायच ऱ्हास बेटा," ती सरूला म्हणाली. पण म्हणताना ती पोरीकडे बघत नव्हती. निर्मलाच्या कानाकडे बघत होती.

निर्मलाच्या उजव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. मागच्या पोळ्याला लोटनने रागाच्या भरात कानातलं धरून ओढलं होतं. नंतर तिच्यापुढे बसून तोच लहान मुलासारखा रडला होता.

२

कापूस फुटून पांढरा झाला आणि वेचायला माणसं मिळेनात, तेव्हा लोटन सातपुड्यात निघाला. काठी गावाच्या बाजूच्या पाड्यांवरून तो दरवर्षी मजूर आणायचा. येत्या बाजारापर्यंत येतो म्हणाला. बाजार झाला, तो आला नाही. पुढचाही झाला.

एका दुपारी निर्मला चुलीशी वाकून राख काढत होती. मागे कोणी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून ती वळली. लोटन उभा होता.

तिला आधी बरं वाटलं, मग दचकायला झालं. त्या घराचं पुढचं दार जुन्या सागाचं होतं आणि उघडताना रडायचं. लोटन आला की आधी दार ओरडायचं, मग तो. एवढ्या वेळात ती हातातलं काम नीट करून घ्यायची, पदर सावरायची, सरूला मागे पाठवायची. आज दार ओरडलं नव्हतं. उघडंच राहिलं असेल, असं तिने मनाला सांगितलं.

"ताप व्हता का तुमले?" तिने विचारलं.

"व्हता. आते बरं शे."

त्याने पाणी मागितलं. तांब्यातलं शेवटचं पाणी तो नेहमी अंगणात फेकायचा. आज त्याने सगळं पाणी पिऊन तांब्या जागेवर उपडा ठेवला. तेव्हा तिला त्याचा डावा हात दिसला. पंजाला हळदीने पिवळं झालेलं फडकं घट्ट गुंडाळलेलं होतं.

"काय झायं हातले?"

"काटा लागना," तो म्हणाला. आणि हसला. लोटन कधी हसायचा नाही असं नव्हे. पण हसला तरी कुणावर तरी हसायचा.

३

मजूर आले नाहीत. लोटनने त्यावरून आकांत केला नाही. शेजाऱ्यांशी बोलून सावडीने, एकमेकांच्या शेतात राबून, वेचणी लावली आणि स्वतः घरातली कामं काढली. झोपाळ्याची निखळलेली कडी बसवली. जात्याचा हलणारा खुंटा पक्का केला. कोनाड्याचं पोपडे आलेलं लिंपण खरवडून नवं सारवलं. दगूबाईची पाठ दुखायची तर तिच्या बाजेचा सुंभ ताणून दिला.

दार आता कधीच वाजत नव्हतं.

"दारले तेल घालं का तुमीन?" निर्मलाने विचारलं.

"घालं ना."

"कधळ?"

"उनू तधळ."

आला तेव्हा तो त्याच दारातून आला, आणि तेव्हाही ते वाजलं नव्हतं. तेल घालायला आधी आत यावं लागतं. हा हिशेब तिने मनात दोनदा मांडला, मग स्वतःलाच दटावलं. नवरा दुखण्यातून उठून आला, शहाण्यासारखा वागतो, आणि आपण बिजागरीत डोकं घालून बसलोय.

पण घर बदललं होतं. आधी त्या घरात आवाज होते. कुठे काय चाललंय ते कानाला कळायचं. आता तो कुठल्या खोलीत आहे ते कळेना. ती पीठ चाळत असायची आणि मागून हळू प्रश्न यायचा, "दमनी का?" ती गोठ्यात वाकलेली असायची आणि बादली कुणीतरी अलगद उचलायचं. एकदा तो तिच्या उजव्या बाजूला येऊन थांबला. पदराच्या आतून कान दिसत होता. त्याने तो बराच वेळ पाहिला.

"दुखस का हाऊ आते?"

"नही."

"असा काबर शे हाऊ?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. फाटलेला कान म्हणजे काय, हेच त्याला माहीत नसल्यासारखं तो विचारत होता.

संध्याकाळी तिने दगूबाईजवळ विषय काढला. "आत्याबाई, हाई काही बरोबर नही."

दगूबाईने वात सारखी केली. तिचा मुलगा तिच्याशी चार शब्द धड बोलत नसे. आता रोज पायाशी बसून बोलत होता.

"बरा शे ना?" म्हातारी म्हणाली. "मंग."

४

त्या फडक्याने निर्मलाला पछाडलं.

लोटनच्या डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं होतं. लहानपणी कडबा तोडताना कोयता बसला होता. लग्नात हातावर हात ठेवताना तिला पहिल्यांदा जाणवलं होतं ते हेच. आता फडकं निघालं की बोट दिसेल, अर्धं असेल आणि सगळा वेडेपणा संपेल. पण फडकं निघत नव्हतं. काट्याची जखम ती किती दिवस राहावी?

ती गरम पाणी घेऊन गेली. "द्या, फडकं बदली देस."

"ऱ्हाऊ दे. कशाले तकलीप."

अंघोळीला तो हात बाजूला धरून बसायचा. झोपताना हात उशीखाली असायचा. जेवताना तो मांडीमागे जायचा. एकदा सरूला खांद्यावर घेताना मात्र पंजा पूर्ण समोर आला, आणि खिडकीतलं ऊन थेट त्यावर पडलं. फडक्यातली चारी बोटं वेगवेगळी दिसत होती. अंगठ्याजवळच्या बोटावर फडकं खाली बसलं नव्हतं. ते शेजारच्या बोटाच्या बरोबरीने सरळ वरपर्यंत गेलं होतं.

आत कापूस भरला असेल. बांधणाऱ्याने जास्त वेटाळे दिले असतील. अशी चार कारणं तिने त्याच क्षणी शोधली आणि चारही खरी वाटण्यासारखी होती.

"माय," सरू त्याच्या खांद्यावरून म्हणाली, "दाजी आते वरडत नही."

बापाला दाजी म्हणणारी पोरगी खूश होती. तिचे नखं कुरतडण्याचे दिवस गेले होते. बापाची चाहूल लागली की ती धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायची, तेही गेलं होतं. निर्मलाने पुस्तक काढलं आणि वाचायला घेतलं. सरूने पुन्हा तेच पान मागितलं. ताट वाढलेलं, आई दोन्ही डोळ्यांनी बघतेय. दाराच्या चौकटीला टेकून लोटनही ऐकत होता. पान संपलं तेव्हा त्याने सरूला विचारलं, "मंग पोऱ्या पळना काबर?"

"ती त्यानी माय नव्हती."

"पन जेवाले तर देत व्हती," तो शांतपणे म्हणाला.

निर्मलाने पुस्तक मिटलं. तिचं स्वतःचं मत त्याच्या तोंडून ऐकताना तिला ते पहिल्यांदाच भयंकर वाटलं.

५

मग भीमसिंग आला.

ऐन दुपारची वेळ होती. लोटन मागच्या अंगणात दोर वळत होता. दारात एक पावरा आदिवासी उभा राहिला, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ. चालत आला होता. आपलं नाव सांगून तो मोडक्या अहिराणीत म्हणाला, "हाईच का लोटन पाटीलनं घर?"

"हाईच."

"त्याले लई ताप शे. रूपलीबाईना घरमा पडेल शे. काठीना वरला पाडामा. उठता येत नही. तुन्हं नाव लेस. निर्मला, निर्मला करस."

निर्मला चौकटीला धरून उभी राहिली. "कोन्हा लोटन? दुसरा कोनी व्हई."

भीमसिंगने स्वतःच्या डाव्या हाताचं बोट दुसऱ्या हाताने मध्येच दाबून दाखवलं. "हाई बोट अर्धं शे त्यानं."

त्या वेळी तिला काय वाटलं ते तिला पुढे कधी नीट आठवेना. भीती तर वाटलीच. पण भीतीच्या आधी एक चीड आली. इतक्या दिवसांनी या घरात पोरीच्या हसण्याचा आवाज यायला लागला होता, आणि हा माणूस धुळीच्या पायांनी ते सगळं मोडायला आला होता.

"मन्हा मालक घरमाच शे," ती म्हणाली. "चुकना तू."

भीमसिंगने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. माजघरातून मागचं अंगण सरळ दिसत होतं. दोर वळणाऱ्या माणसाची पाठ दिसत होती. मग त्या माणसाने हळू मान वळवली. भीमसिंग पायरी न बघता मागे सरकला आणि गल्लीच्या कडेने, भिंतीला हात लावत, निघून गेला.

"कोन व्हतं?" लोटनने विचारलं.

"कोनी नही. चुकीसन उना व्हता."

"पानी पाजाले जोयजे व्हतं," लोटन दोराला पीळ देत म्हणाला. "डोंगरवरथीन पायी उना बिचारा."

तो कुठून आला हे तिने सांगितलंच नव्हतं.

६

त्यानंतर निर्मलाला अन्न गोड लागेना. जो माणूस घरात होता तो तिच्या ताटात आधी वाढायचा. आणि जो वर पाड्यावर पडला होता, त्याने तिचा कान फाडला होता. मग याचं भय आणि त्याची काळजी, असं उलटं का व्हावं? ती स्वतःशी भांडायची. तो मेला तर सुटलीस, असं एक मन म्हणायचं. दुसरं मन काहीच म्हणायचं नाही, फक्त तो पोळ्याच्या दिवशी रडताना दिसायचा. नाकातून पाणी आलेला, ओबडधोबड, स्वतःलाच शिव्या घालणारा. तो तिचं नाव घेत होता. तिने त्याला दारातून हाकललं होतं.

"दोन दिन मायकडे जाई येस," तिने सांगितलं. तिचं माहेर तळोद्याचं, त्यात नवल काही नव्हतं.

"जाय ना," लोटन म्हणाला. "पन सरूले ऱ्हाऊ दे. शाळा बुडी तिन्ही."

तिने दगूबाईकडे पाहिलं. म्हातारीने मान डोलावली. सरू म्हणाली, "माय, मी दाजीजवळ ऱ्हास." दोनच दिवस, निर्मलाने मनाशी म्हटलं. आजी आहे घरात. आणि नेण्यासारखी ती पाड्यावरची जागाही नव्हती.

एस.टी. सुटेपर्यंत लोटन थांब्यावर उभा होता. त्याने निरोपाचा हात हलवला, तो बांधलेला.

तळोद्याला ती माहेरी गेलीच नाही. जंगल ठेकेदाराची जीप वर निघाली होती. ड्रायव्हर माहेरच्या गल्लीतला, त्याने काही न विचारता तिला मागे बसवलं. घाटात धुकं होतं. माघातल्या सकाळी असतंच, असं ड्रायव्हर म्हणाला.

७

रूपलीबाईचं घर पाड्याच्या टोकाला होतं. कुडाच्या भिंती, मातीने लिंपलेल्या. दारात ती मक्याची कणसं सोलत बसली होती. निर्मलाला पाहून तिचे हात थांबले. मग तिने निर्मलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जवळ मात्र आली नाही.

"परत काबर उनी?" ती म्हणाली.

"परत? मी आतेच ई ऱ्हायनी. लोटन पाटील कोठे शे?"

"काल तर तूच लई गई ना त्याले."

निर्मलाला वाटलं, भाषेचा घोटाळा झाला. तिने पुन्हा विचारलं. रूपलीबाईने पुन्हा तेच सांगितलं, आणखी सावकाश. काल दुपारी त्याची बायको आली. हेच लुगडं, हेच नाक-डोळे. तापलेल्या माणसाला तिने बसवलं, तोंडात पाणी घातलं. तो तिच्याकडे बघून आधी रडला आणि मग ओरडायला लागला. तापात ओरडतात माणसं. तिने त्याला एकटीने उचललं. एवढा मोठा गडी, पोर उचलावं तसा उचलला.

"कोन्या वाटे गई ती?"

रूपलीबाईने हात केला. रस्ता खाली होता. हात वर गेला होता, जिथे कड्याला धुकं चिकटलं होतं आणि वाट नव्हती.

निर्मला आत गेली. कोपऱ्यात गोधडी तशीच पडली होती. तिला लोटनच्या अंगाचा, तंबाखूचा, घामाचा वास होता. घरी इतक्या दिवसांत हा वास आला नव्हता, हे तिच्या आता लक्षात आलं. गोधडीजवळ जमीन खरवडलेली होती. कुणीतरी ती धरून ठेवायला पाहिलं होतं.

बाहेर आली तेव्हा वाऱ्याने तिचा पदर सरकला. रूपलीबाई उठून उभी राहिली आणि दोन पावलं मागे गेली.

"काल तुन्हा कान धड व्हता," ती म्हणाली.

निर्मलाने पुढचं ऐकलं नाही. तिला सरू आठवली होती, आणि ती रस्त्याकडे पळत सुटली होती.

८

खाली यायला तिला दुसऱ्या दिवसाची दिवेलागण झाली. ब्राह्मणपुरीत गुरं परतत होती. लोक तिच्याकडे पाहून थबकत होते. एक शेजारीण म्हणाली, "निर्मला, तू तर सकायमाच उनी ना?" आणि उत्तराची वाट न बघता घरात गेली.

घराच्या ओट्यावर दगूबाई बसली होती. पुढचं दार अर्धं उघडं होतं, आत कंदील लावलेला. निर्मला पायरीपाशी आली आणि थांबली. आतून वाचण्याचा आवाज येत होता.

तो तिचाच आवाज होता. वाक्याच्या शेवटी किंचित खाली येणारा. सुमेध धुक्यापलीकडच्या घरात शिरतो, ते पान चाललं होतं.

दगूबाईने तिच्याकडे पाहिलं. नजर कानावर गेली, तिथेच राहिली. म्हातारीने ओळखलं, यात शंका नव्हती.

"आत्याबाई," निर्मला कुजबुजली. "सरूले बाहेर काढा. मी शे. मी."

भीमसिंगचं बोलणं दगूबाईनेही ऐकलं होतं; घोगऱ्या आवाजात तिने मुलाचं विचारलं, "आनि मन्हा आंडोर? तो वर व्हता का?"

निर्मलाने मान हलवली. नाही.

म्हातारीने पदराचं टोक तोंडात धरलं, सोडलं. "मंग आते मन्हाजवळ हाऊच शे," ती म्हणाली. "हाऊ मन्हाशी बोलस. पोर हासस. जाय बाई तू. भाकर दिसू का बांधीसन?"

"आत्याबाई, सरू मन्ही आंडेर शे."

दगूबाई उठली. आत गेली. दार लागलं, आवाज न करता.

निर्मला दारावर हात टेकून उभी राहिली. आतला आवाज चालूच होता. 'ज्योत्स्ना', 'निष्क्रिय', 'वात्सल्य', एकामागून एक शब्द सरळ येत होते. हाक मारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सरूचा आवाज आला. थोडा नवलाचा, थोडा सावध.

"माय, आज तू अडखळनी नही."

आतलं वाचन थांबलं.

बाहेर गुरांच्या घंटा वाजायच्या थांबल्या होत्या. पळ, निर्मला मनात म्हणत होती, पळ सरू, उठ.

मग पान उलटल्याचा आवाज झाला. वाचन पुन्हा सुरू झालं, आणि पुढच्या जोडाक्षरावर तो आवाज अडला. अडखळला, मागे आला, पुन्हा त्या अक्षराला भिडला, अगदी तिच्यासारखा. सरू हसली, आणि ते अक्षर तिने आईला लावून दिलं.